ओढा आणि माझी खिडकी

गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, भर सभेत, मी ओढ्याला नाला म्हणाले.

मी! मागच्या सभेत याच शब्दावरून चेअरमन सावंतांची सालटी काढली होती. सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत नव्या इमारती येताहेत. तिथला ओढा पाइपात घालून वर रस्ता करायचा बेत मीच हाणून पाडला. निगडी सोडून मोशीत फ्लॅट घेतला तो या ओढ्याकडे बघून. तो उघडा राहील, काठचे करंज राहतील, असं त्या प्रकल्पावरच्या तरुण आर्किटेक्ट मुलीकडून कबूल करून घेतलं.

आज तिने नवा नकाशा लावला. ओढा होता, करंज होते. फक्त रस्ता सरकून माझ्या बेडरूमच्या खिडकीखाली आला होता.

मी म्हणाले, "पावसाळ्यापुरता नाला तो, त्याचं एवढं कौतुक कशाला?"

सावंत खूश. "या मॅडम, आमच्या पार्टीत या! चहा सांगू?"

मुलीने एवढंच विचारलं, "काकू, मग पाइप टाकू?"

"टाका," मी म्हणाले. किती पटकन आलं तोंडातून! कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी बाकावर उभं केलं असतं. नाला म्हणे. खिडकी लावून घेता येत नाही का मला?

सोमवारी नकाशा महापालिकेत जाणार. तेव्हा बाईसाहेब, खुलासा करा. रस्ता खिडकीखालून गेला तरी चालेल, ओढा उघडाच ठेवा, हे शनिवारी सकाळी दहाच्या आत त्या मुलीच्या हातात पडलं पाहिजे. लेखी. तुमच्या तोंडावर माझा आता भरवसा नाही.