साडेअठरा लाख आणि पन्नास ग्रॅम

चि. मुंगीस,

दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघंही ठणठणीत आहोत (तुझ्या वहिनीचा घसा सोडून, पण त्याबद्दल पुढे). तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची पद्धत आहे, पण ती उत्तम असल्याचं मला मंगळवारी फोनवरच समजलं. "म्हाताऱ्या माणसांची नावं घेऊन लोकांना लुबाडायला लाज नाही वाटत, मेल्या?" हे वाक्य जी बाई एका दमात म्हणू शकते तिच्या छातीत काही दोष असेल असं कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. तर मुंगे, तो मेला मीच होतो. लुबाडण्याचं मी मनावर घेत नाही, पण चौसष्ट म्हणजे म्हातारा नव्हे, एवढं नोंदवून ठेव.

आता तू म्हणशील, हे पत्र तरी दादाचंच कशावरून? अक्षर बघ. इतकं वाईट अक्षर काढायचं तर भामट्याला आधी तेहतीस वर्षं वजनमापं तपासनीस म्हणून नोकरी करावी लागेल, दुकानाच्या फळीवर कागद ठेवून, उभ्याने, समोर दुकानदार रडत असताना अहवाल लिहावे लागतील. एवढे कष्ट घेणारा माणूस भामटा कशाला होईल?

मूळ गोष्ट तुला ठाऊकच आहे. बाबांचं घर आणि खालचं वाणसामानाचं दुकान विकलं, तुझा अर्धा वाटा साडेअठरा लाख झाला. तिकडे परदेशात तुझी मालकीणबाई कपडे दुरुस्तीचं दुकान विकून मुलाकडे राहायला निघाली आहे, आणि अकरा वर्षं तिच्याकडे शिवण मारलीस म्हणून तीस तारखेपर्यंत ते दुसऱ्या कुणाला दाखवणार नाही असा तिने तुला शब्द दिला आहे. तीसनंतर शेजारचा केस कापणारा ते घेणार आणि मधली भिंत पाडणार. हे सगळं तू मला सांगितलंस आणि म्हणालीस, दादा, लवकर पाठव. मी म्हटलं, लवकर तर पाठवतोच, पण स्वस्तातही पाठवतो. इथेच गोष्टीला पाय फुटले.

बँकेत चार नंबरच्या खिडकीवर एक चष्मेवाली बाई बसते. तिने कागदावर आकडा लिहून दिला: एकूण खर्च तीन हजार शंभर, पैसे दोन दिवसांत पोचतील. शहाण्या माणसाने सही केली असती. पण ज्याने हयातभर पारड्याखाली मेणाचा गोळा चिकटवलेला शोधून काढला, त्याला समोर ठेवलेला आकडा गिळवत नाही. मी तिला विचारलं की या तीन हजार शंभरात वजन किती आणि मेण किती. तिने चष्मा काढून पुसला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

मग मी बाबांनी शिकवलं तसंच केलं. नवा व्यापारी आला की बाबा काय करायचे ते आठवतं ना? पोतं उतरवू द्यायचे नाहीत. आधी अर्धा किलो नमुना घ्यायचे, स्वतःच्या काट्यावर तोलायचे, रात्रभर ठेवायचे आणि मग हो किंवा नाही. शितावरून भाताची परीक्षा. मी पैसे पाठवायचे तीन मार्ग निवडले: ही बँक, फोनवरून पैसे पाठवणारी एक कंपनी आणि बसथांब्याजवळचं एक छोटं दुकान, ज्याच्या काचेवर 'शुल्क शून्य' असं माझ्या हाताएवढ्या अक्षरांत लिहिलं आहे. (शुल्क शून्यच आहे. मेण परकीय चलनाच्या भावात आहे. तिथल्या मुलीला मी हे दाखवून दिलं तेव्हा ती म्हणाली, काका, हे सगळ्यांना माहीत असतं.) तिन्ही मार्गांनी, पैसे बँकेतल्या माझ्या एकाच खात्यातून भरून, मी तुला नमुने पाठवले. कोणता कुठून आला ते ओळखू यावं म्हणून एकातून एकशे एक, दुसऱ्यातून एकशे दोन आणि तिसऱ्यातून एकशे तीन. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'चाचणी'. अशी पद्धतशीर तपासणी त्या तीन ठिकाणी याआधी कुणी केली नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो.

तुला आधी कळवायला हवं होतं, हे तुझ्या वहिनीचं म्हणणं. पण दुकानदाराला आधी कळवून तपासणीला जातात का? शिवाय त्याच आठवड्यात मी फोन नंबर बदलला. आमचे शेजारी, ज्यांना आख्खी इमारत 'सर्वज्ञ' म्हणते, त्यांनी सांगितलं की मोठी रक्कम हलवायच्या आधी जुना नंबर बंद करावा, तो चोरांना पाठ झालेला असतो. सर्वज्ञांनी स्वतः कधी मोठी रक्कम हलवलेली नाही, हे मला नंतर समजलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला शेळ्या नसल्या तरी चालतं.

पाच दिवसांत तिन्ही नमुने परत आले. मी काय समजलो असेन? तिन्ही मार्ग खोटे. मी चार पानी तक्रार लिहिली, दोन परिशिष्टं जोडली आणि चार नंबरच्या खिडकीत नेऊन ठेवली. बाईंनी पहिलं पान वाचलं, संगणकात पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "पैसे पोचले होते. समोरच्या बाईंनीच परत पाठवलेत. तिन्ही वेळा."

मुंगे, त्या क्षणी मला राग यायला हवा होता, पण मला बाबाच दिसले. त्यांचा दुसरा नियम मी विसरलोच होतो: ज्या पैशाची ओळख पटत नाही तो रात्रभर घरात ठेवायचा नाही, आला तसा परत करायचा. अनोळखी कंपन्यांच्या नावाने एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन आले, आणि तू प्रत्येक वेळी स्वतःच्या पदरचं शुल्क भरून दिवेलागणीच्या आत परत केलेस. मी पहिला नियम पाळला, तू दुसरा. बाबांची दोन्ही मुलं इतकी आज्ञाधारक निघतील असं बाबांनाही वाटलं नसेल.

बँकेला मात्र बाबा माहीत नाहीत. परदेशी एकाच खात्यात लहान लहान रकमा जातात, तशाच परत येतात आणि कारण 'चाचणी', हे पाहून बँकेच्या यंत्राने माझं खातं गोठवलं. बाईंनी मला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं आणि फार मऊ आवाजात चौकशी सुरू केली. तुमच्यावर कुणी दबाव आणतंय का? या बाईंशी ओळख फोनवर झाली का? त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलंय का? मी म्हटलं, ती जन्मली त्या दिवशी पाहिलंय, लालभडक होती आणि तेव्हाही ओरडतच होती. मग शेवटचं कधी पाहिलं असं त्यांनी विचारलं. मी मनात हिशोब केला आणि नऊ वर्षं म्हणालो. त्यांनी मान हलवून ते लिहून घेतलं. नऊ वर्षं हा आकडा मी त्याआधी कधी मोठ्याने म्हटला नव्हता. निघताना त्यांनी मला एक पत्रक दिलं, 'ज्येष्ठांनो, सावध राहा'. त्यावर एका गोंधळलेल्या गृहस्थांचं चित्र आहे. वहिनी म्हणते, चित्र चांगलं आलंय तुमचं.

खातं मोकळं व्हायला तुझं लेखी निवेदन लागणार, म्हणून मी तुला फोन केला. त्या संभाषणाचं मी कौतुकच करतो. नंबर अनोळखी म्हणून तू आधीच सावध. मी दादा म्हटल्यावर तू म्हणालीस की माझा दादा परदेशी फोनला पैसे घालवणारा माणूसच नाही, त्या अर्थी तू चोर आहेस. (वकिलालाही हा मुद्दा खोडता आला नसता.) जुना नंबर लावून पाहिलास तर तो बंद. चेहरा दाखवतो म्हटलं, तर चेहरेसुद्धा हल्ली बनवून मिळतात. मग तुझी वहिनी बोलली, पण तिचा घसा बसलेला, त्यामुळे टोळीत आता बाईही ठेवली आहे असं तुझं मत पडलं. शेवटी तू एक प्रश्न घातलास, ज्याचं उत्तर फक्त घरच्या माणसालाच येईल: बाबांच्या दुकानातलं पन्नास ग्रॅमचं वजन कुणी हरवलं? त्याच वेळी नेमकी लाइन खराब झाली, मला उत्तर देता आलं नाही आणि तू फोन ठेवलास. त्यानंतर तो नंबर तुझ्याकडे लागतच नाही.

म्हणून हे पत्र, आणि तेही साध्या टपालाने नाही, कुरिअरने. चार दिवसांत पोचतं. दर विचारू नकोस. विचारलास तर चौदाशे ऐंशी. नमुन्यांचा माझ्या बाजूचा येण्याजाण्याचा खर्च तेराशे पन्नास, नवा नंबर आणि तुला केलेला फोन मिळून नऊशे. बेरीज मी केली आहे, सदतीसशे तीस होते, म्हणजे बँकेने मागितलेल्यापेक्षा सहाशे तीस जास्त, आणि पैसे अजून इथेच आहेत. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असं तुझी वहिनी सकाळपासून तीनदा म्हणाली, बसलेल्या घशाने. मी तिला समजावलं की तपासणीला खर्च येतोच.

पण तू जराही घाबरू नकोस. आज वीस. पत्र चोवीसला तुझ्या हातात, तू त्याच दिवशी निवेदनाचा फोटो बँकेला धाडायचास, सव्वीसला खातं मोकळं, अठ्ठावीसला पैसे तुझ्याकडे. दोन दिवस शिल्लक राहतात. ते दुकान तुझंच होणार. केस कापणाऱ्याने दुसरी भिंत शोधावी. तू माझ्या हाताखाली वाढलेली आहेस, मालकीणबाईंसमोर ताठ उभी राहा आणि चाव्या मोजून घे.

वहिनीचा नमस्कार सांगायला ती आत्ता बोलू शकत नाही, म्हणून मीच लिहितो.

तुझा (खराखुरा)
दादा

ता. क. निवेदनाचा मसुदा सोबत आहे. खाली फक्त सही कर. यावेळी पैसे आले की कृपा करून परत पाठवू नकोस. हवं तर रात्रभर घराबाहेर ठेव.

आणखी ता. क. लाइन खराब झाली नव्हती. तुझा प्रश्न स्वच्छ ऐकू आला. घरात त्याचं ठरलेलं उत्तर 'मुंगीने' असं आहे, तेवढं एक नाव घेतलं असतं तर तुला ओळख पटली असती आणि हे कुरिअरही लागलं नसतं. मला ते घेता येईना. वजन मी उचललं होतं, नदीवर गळाला बांधायला. संध्याकाळी परत ठेवायला आलो तेव्हा बाबा तुला विचारत होते, कारण वजनं पुसून ठेवायचं काम तुझं होतं. मी दारातच थांबलो. तू अकरा वर्षांची होतीस, मी चौदाचा. दुसऱ्या दिवशी बाबांनी तुला काट्यावरून उठवून आत आत्याच्या शिलाई मशीनवर बसवलं आणि काटा माझ्या हातात दिला. तुला काटा किती आवडायचा ते मला ठाऊक होतं. पुढे तेहतीस वर्षं मी गावभर लोकांची वजनं तपासत फिरलो आणि हे एक वजन माझ्या खणात होतं. तेव्हा उत्तर: मी. लाज वाटत नाही का, असं तू फोनवर विचारलंस, त्याचंही उत्तर यातच आलं.

शेवटचा ता. क. हे कुरिअरच्या खिडकीशी उभ्यानेच लिहितोय. वजन पाकिटात घातलंय. नव्या दुकानात कापडावर कापायचा कागद पसरशील तेव्हा तो हलू नये म्हणून ठेव. त्याच्यामुळे पाकीट वरच्या दरात गेलं, आणखी चारशे पडले. इथल्या काट्यावरच्या तपासणीच्या शिक्क्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली आहे. मी पाहिलं, आणि पैसे भरले.