झाकण लावून काढलेला फोटो

३ ऑक्टोबर
टेकडीवरच्या वेधशाळेत आज रुजू झालो. खोली लहान, पण खिडकीतून सगळे आभाळ आपलेच. देवाचे आभार मानून पथारी पसरली. लेकीचा फोन आला. तिची आई गेल्यापासून तीच माझी आई झाली आहे. जेवलात का, झोपलात का, औषध घेतलेत का. व्यवस्थापक दिलदार. म्हणाले, दोन कॅमेरे पारखायला आणलेत, एक साधा, एक भारी. रात्री आभाळाचे फोटो काढा, तुम्ही म्हणाल तो ठेवू, दुसरा परत दुकानदाराच्या गळ्यात. गावच्या शाळेत शिकलेल्या माणसाला एवढा मान पुष्कळ झाला.

५ ऑक्टोबर
दोन्ही कॅमेरे बाहेर उभे, आपण खोलीत बसून संगणकावरून हुकूम सोडायचा. शटर बराच वेळ उघडे राहते आणि डोळ्याला न दिसणारे तारे हळूहळू झिरपून उमटतात. साधा कॅमेरा तापतो, फोटोत नसते ठिपके येतात. भारी कॅमेरा लेन्सवर झाकण ओढून एक काळा फोटोही घेतो, आणि त्यात दिसेल ते खऱ्या फोटोतून वजा करतो. वायरमन म्हणाला, असले यंत्र घरी असते तर बायकोची कटकट वजा केली असती. मी हसलो. मग उगाच वाईट वाटले.

८ ऑक्टोबर
साध्या कॅमेऱ्याच्या फोटोत कुंपणापाशी माझी बायको उभी आहे. पाठमोरी. आजारात वाकलेला तोच खांदा. बाहेर जाऊन पाहिले, कुणी नाही. भारी कॅमेऱ्याच्या फोटोत कुंपण आहे, ती नाही.

९ ऑक्टोबर
कारण कळले. भारी कॅमेऱ्याचा काळा फोटो उघडला. त्यातही ती आहे. म्हणून तो तिला ठिपका समजून पुसतो. झाकण असताना उजेड आत जात नाही, मग ही येते कुठून? घाबरायला हवे होते. मी पडद्याला हात लावून रडलो.

११ ऑक्टोबर
साधाच चांगला, असे व्यवस्थापकांना सांगितले. भारी परत गेला. देवा, एवढे खोटे पदरात घे.

१२ ऑक्टोबर, संध्याकाळ
आता हाताने झाकण लावतो. कुंपण नाही, तारे नाहीत, फक्त ही. थोडी वळली आहे. राहवेना, लेकीला सांगितले. तिने आधी विचारले, औषध घेतलेत का. मग म्हणाली, “बाबा, मलाही बघायचीय आई. पिशवी खांद्याला अडकवलीच, मी आत्ताच निघते.” अंधारात गाडी काढू नको म्हणालो. मनापासून म्हणालो नाही.

रात्र
चेहरा दिसला. रडते आहे. कुणाला तरी जवळ धरून —

पुन्हा घेतला. झाकण घट्ट आहे. हिच्या कुशीत कुणीतरी — आखूड केस, खांद्याला पिशवी —

लेक फोन उचलत नाही. घाटात रेंज नसेल. नसेलच.

आणखी एक. आता दोघी ठळक —

फोन. लेकीचाच नंबर. देव पावला —

पुरुषाचा आवाज. अनोळखी. विचारतो, तुम्ही हिचे कोण —