एक फेब्रुवारीपर्यंत हात बरा

६ जानेवारी, सोमवार

तीन तास बाकड्यावर बसवून ठेवलं. आत गेले तर डॉक्टर म्हणजे पोरगाच, मिशीसुद्धा धड आलेली नाही. मला म्हणाला पावलाला पाऊल लावून सरळ रेषेत चाला. दारू प्यायलेल्याला पोलीस चालवतात तसं. मी जन्मात थेंब घेतलेला नाही. मग म्हणाला डोळे मिटून उभ्या राहा. राहिले. पडले नाही, फक्त लेकाच्या, नवनाथच्या अंगावर जरा टेकले. मग हातोडीने गुडघे ठोकले. एवढं सगळं करून म्हणतो, आजी, अजून नक्की काही सांगता येत नाही.

ही झाली तक्रार. आता जयभीम.

वही त्यानेच लिहायला सांगितली. रोज तारीख टाकायची, उजवा हात कधी बधिर होतो, पाय कधी अडखळतो ते लिहायचं. मी चौथी नापास, पण लिहिता येतं. लिहीन. त्याला मात्र दाखवणार नाही. विचारलं तर हरवली म्हणून सांगायचं. हात माझा आहे.

मुद्द्याचं लिहिते. तेजल, म्हणजे नवनाथची लेक, चांदवडहून बाळंतपणाला आली आहे. फेब्रुवारीचा पहिला आठवडा दिलाय. बाळाला अंघोळ मी घालणार. या कॉलनीत एकतीस बाळं मी माझ्या पायांवर घेतली. एकाच्याही नाकात पाणी गेलं नाही. त्यातली काही आता सातपूरला कंपनीत कामाला जातात आणि मला बघून मोटरसायकल जोरात पळवतात.

ठराव: एक फेब्रुवारीपर्यंत हात बरा.

७ जानेवारी. सकाळी सहा.

हात बरा आहे. चिमटा काढला, कळला. जरा उशिरा कळला. थंडी आहे.

नऊ वाजता: कप फुटला. त्या कपाचा कानच लहान. सून, पल्लवी, धावत आली आणि आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग कपाकडे. मी म्हणाले कप कोणी आणला होता. ती म्हणाली तुम्हीच, आत्या, कालिकेच्या यात्रेतून. मग मी विषय बंद केला.

१० जानेवारी, शुक्रवार

करंटची टेस्ट. हाताला पायाला वायरी लावून झटके देतात. त्याआधी त्या डॉक्टर पोराने टाचणी घेतली, मला डोळे मिटायला लावले आणि म्हणाला टोचलं की हो म्हणा. मी हो म्हणाले. तो म्हणाला आजी, अजून लावलीच नाही. मी म्हणाले मग लाव ना, वाट कसली बघतोस. नवनाथने मान खाली घातली. याला लहानपणी इंजेक्शनला धरायला दोन माणसं लागायची, आणि आता याला माझी लाज वाटते.

विचारत होता, आजी खरं सांगा, वस्तू हातातून पडतात का. मी म्हणाले नाही. नवनाथ म्हणाला कप. मी म्हणाले एक कप. नवनाथ म्हणाला चार. दोन कप आणि दोन बश्या, त्याला चार कप म्हणत नाहीत.

व्हिटॅमिनची इंजेक्शनं लिहून दिली. एक दिवसाआड. आता तर बराच होणार.

१४ जानेवारी

गोजराबाई आली. समोरच्या घरातली, मूळची येवल्याची. चाळीस वर्षं समोर राहते, म्हणून मैत्रीण म्हणायचं. तेजलचं पोट बघितलं, मुलगा म्हणाली. तेजल म्हणाली आजी, कोणीपण चालेल. मग माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणते, सुलाबाई, तुला होत नसेल तर सांग हो, मी घालीन की बाळाला अंघोळ, त्यात काय.

त्यात काय. ही बाई बाळाला अंघोळ घालते की कढई घासते ते कळत नाही. भराभरा पाणी ओतते. मान धरायची तिची पद्धत मला आधीपासून पसंत नाही.

मी म्हणाले मला काय झालंय. ती म्हणाली, तुझी एक चप्पल जिन्यात पडली आहे, मी वर येताना बघितली. खाली बघितलं तर डाव्या पायात खरंच नव्हती. चप्पल सैल आहे. नवी घ्यायची.

१७ जानेवारी

मोबाईलला तोंडाने विचारता येतं हे तेजलने शिकवलं होतं. घरात कोणी नसताना विचारलं, हाताला मुंग्या येतात, पाय कळत नाही. त्याने आधी मुंग्या घालवायची पावडर दाखवली. दुसऱ्यांदा नीट विचारलं तर पंधरा आजार निघाले. मी एकेक तपासला. सात बायकांना होत नाहीत. चार माझ्या वयाला होत नाहीत. तीन होण्यासारखे होते, ते मी वाचले नाहीत. एक माझ्या चुलत बहिणीला झाला होता. सिन्नरला होती. अंगावरून वारं गेलं आणि पुढे अकरा वर्षं खाटेवर. तिला भरवताना सगळे घड्याळ बघायचे. मीपण बघायची.

मोबाईल आता उशीखाली आहे. आज जेवण नको वाटतं. ॲसिडिटी.

२० जानेवारी, सोमवार

डोकं चालवलं. नुसती काळजी करून होत नाही, सराव पाहिजे. भाजीवाल्याकडून अख्खं डांगर आणलं. सव्वातीन किलो, जन्मलेल्या बाळाएवढं बरोबर. तो म्हणाला आजी, एवढा भोपळा कोण खाणार, फोड करून देतो. मी म्हणाले अख्खाच पाहिजे, आणि जरा गोल कमी, लांबट दे. तो बघत राहिला.

दुपारी तेजल झोपली आणि पल्लवी अंगणवाडीत गेली, तेव्हा मोरीत पाट मांडला. पाय लांब केले. डांगर नडग्यांवर घेतलं. पालथं, उताणं, परत पालथं. तेल लावलं. बादलीतलं गार पाणी घातलं, डांगराला काय. हातातून सुटलं नाही. पास.

एक गोष्ट लिहून ठेवते: डाव्या हाताने जास्त धरलं होतं. पण बाळाला काय कळतंय डावा कुठला.

२२ जानेवारी

आज साबण लावून. उजव्या हाताने मान धरली, म्हणजे देठाकडचा भाग. धरली असं मला वाटत होतं. बघितलं तर हात तिथेच होता आणि डांगर मोरीच्या कोपऱ्यात, दोन फाकी होऊन.

साबण फार बुळबुळीत येतो आजकाल.

आवाजाने तेजल उठून आली. पोटाला हात लावून दारात उभी. म्हणाली आजी, भोपळा मोरीत कशाला फोडला. मी म्हणाले, कडक होता. ती माझ्या उघड्या नडग्यांकडे आणि पाटाकडे बघत राहिली, मग खाली बसून फाकी गोळा करायला लागली. मी म्हणाले तू वाकू नको. ती म्हणाली तूपण वाकू नको. मग दोघी बसून राहिलो, बिया वेचायला पल्लवी येईपर्यंत.

२३ जानेवारी

डांगराची भाजी. नवनाथ म्हणाला साबणाचा वास येतो. त्याला सर्दी आहे.

२५ जानेवारी, शनिवार

एमआरआय. फॉर्मवाली मुलगी घाईत. अंगात स्क्रू, तार, मशीन काही आहे का. नाही. दागिने. नाहीत. टॅटू आहे का. मी म्हणाले बाई, मी एकाहत्तर वर्षांची आहे, ती नाटकं पोरं करतात. तिने नाही लिहिलं. आत झोपवताना दुसऱ्याने बाही वर केली तर कोपरापासून मनगटापर्यंत हिरवं गोंदण. तो म्हणाला आजी, हे काय. मी म्हणाले गोंदण. तो म्हणाला यालाच टॅटू म्हणतात. मी म्हणाले तुम्ही म्हणत असाल. परत बाहेर, परत फॉर्म, परत सही. मग गोंदणाला चटका बसला तर हा दाबा म्हणून रबरी फुगा हातात दिला. उजव्या. मी न बोलता डाव्या हातात घेतला.

आत नळीत घालतात. आवाज असा, जसं डोक्याशेजारी कोणी पत्रे ठोकतंय. मी मनात बाळांची नावं म्हणत होते, एकतीसच्या एकतीस. सतरावर अडकले. सतरावं कोणाचं ते आठवेना. हा आणखी नवा आजार असेल का, विसरायचा, असं वाटून घाम आला. घरी आल्यावर आठवलं, गोजराबाईचं थोरलं. ते कोणाच्याही लक्षात राहत नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

ठरावाची तारीख. सहा वाजता चिमटा. कळला नाही. चिमटाच हलका काढला होता. मुदत आठ दिवस वाढवली.

३ फेब्रुवारी

पहाटे तेजलच्या पोटात दुखायला लागलं. दुपारी मुलगी झाली. नातजावई धम्मपाल चांदवडहून येईपर्यंत बाळ रडून झोपलंसुद्धा. नर्स बाहेर येऊन म्हणाली, नॉर्मल झाली.

आणि त्याच दुपारी माझा रिपोर्ट. नवनाथने उभ्या उभ्याच वाचला. तोपण नॉर्मल.

एका घरात एका दिवशी दोन नॉर्मल. मी पेढे वाटायला सांगितले. गोजराबाईच्या हातात दोन ठेवले, एक बाळाचा, एक माझा. ती म्हणाली तुझा कशाचा. मी म्हणाले नॉर्मलचा.

४ फेब्रुवारी

डॉक्टर पोरगा खुश दिसला नाही. म्हणाला मेंदूचा फोटो नॉर्मल आहे ही चांगली गोष्ट, पण करंटच्या टेस्टमध्ये नसा कमजोर दिसतात, कारण कळत नाही. मानेचा फोटो काढू, पाठीतलं पाणी तपासावं लागेल. वीस तारखेला या. नवनाथ सगळं मोबाईलवर टाइप करत होता. मी फक्त नॉर्मल ऐकलं. एकदा नॉर्मल म्हणाल्यावर पुढे पण लावायचं कशाला.

तिथून तेजलकडे गेले. तिला कुशीवर वळता येत नव्हतं. टाके ओढतात, बसता येत नाही, रात्रभर रडली म्हणे. मी म्हणाले अगं, नॉर्मल झाली ना. ती म्हणाली आजी, नॉर्मल असंच असतं.

रिक्षात ते वाक्य काही सुटलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाळ घरी आलं. केस लय. नाक आमच्याकडचं. उद्या पहिली अंघोळ. तेल कोमट करून ठेवायचं, टॉवेल दोन, धुरीला शेपा आणि ओवा पल्लवीने आणलाय. पल्लवी म्हणाली आत्या, मी बसते बाळाला घेऊन, तुम्ही शेजारी बसून सांगा. मी म्हणाले तुला तुझी तेजल तरी पायावर घेता आली होती का, तीपण मीच घेतली. खरंच आहे.

सराव झाला आहे. साबण लावायचा नाही, डाळीचं पीठ लावायचं. पीठ सुटत नाही. बाळ सुटणार नाही. सगळा विचार केला आहे.

७ फेब्रुवारी. दुपारी.

बाळाला काही झालेलं नाही. हे आधी लिहिते.

पाटावर बसले. पाय लांब. तेजल खुर्चीत, बाळ तिच्याच मांडीवर. पल्लवीने गिझरचं पाणी बादलीत सोडलं, गार मिसळलं. मी नेहमीसारखा हात घातला. गार लागलं. म्हणाले अजून गरम सोड. तिने सोडलं. परत हात घातला. गारच. म्हणाले अगं गिझर चालू केला होता का तू. ती म्हणाली अर्धा तास. मी म्हणाले मग सोड की, ओल्या बाळंतिणीचं लेकरू आहे, गार पाण्याने छाती भरेल. तिने पुन्हा सोडलं. मी हात पाण्यातच ठेवला होता. म्हणाले हां, आता कोमट. आण गं तेजल बाळ.

तेजल उठली. बाळाचं दुपटं सोडलं. मी डाव्या हाताने तांब्या भरला.

पल्लवीने तांब्या हिसकावला. तिचं बोट पाण्याला लागलं होतं. असला हिसका तिने कधी दिलेला नाही मला, सून म्हणून आल्यापासून. तांब्या मोरीत पडला, वाफ आली. ती माझा उजवा हात धरून नळाखाली घेऊन बसली. मनगटापर्यंत लाल. बोटांना फोड यायला लागले होते. मी बघत होते. दुसऱ्याच कोणाचा तरी हात असल्यासारखा.

गिझरचा काटा बिघडला असेल, असं मी म्हणाले. पल्लवी हात चोळत नव्हती, नुसता पाण्याखाली धरून होती.

मी धरायचा सराव केला. पाण्याचा केला नाही. बत्तीस बाळांत पाणी बघायचं कधी शिकावं लागलं नव्हतं, हात घातला की कळायचं.

एकतीस. बत्तीसावी झाली नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

डाव्या हाताने लिहिते. उजव्याला पट्टी आहे. दुखत नाही, हीच पंचाईत.

सकाळी मीच गोजराबाईला हाक मारली. वाटलं होतं काहीतरी टोचून बोलेल. बोलली नाही, ते जास्त लागलं. पाटावर बसली, पाय लांब केले. पाणी आधी कोपराने बघितलं, मग पल्लवीला बघायला लावलं. मान बरोबर धरते. पाणी भराभरा ओतते पण बाळाला आवडलेलं दिसलं. धुरी घेऊन पोर लगेच झोपली. मी टॉवेल धरला होता, दोन्ही हातांत, पल्लवीने खालून धरलेला.

गोजराबाई जाताना म्हणाली, उद्या आठ वाजता येते. बरं म्हणाले.

संध्याकाळी पल्लवीला बोलावून ही वही दिली. ती म्हणाली आत्या, ही तर तुमची. मी म्हणाले तारखा आहेत, वेळा आहेत, कारणं सगळी खोटी आहेत, ती सोडून वाच. एवढं शेवटचं लिहिण्यापुरती परत मागून घेतली आहे.

तर पल्लवी, वीस तारखेला दवाखान्यात नवनाथ नको, तू चल. तो पोरगा माझ्याकडे बघूनच विचारील, आजी, काय काय होतं ते सांगा. मी तोंड उघडलं तरी ऐकायचं नाही. उत्तर तू द्यायचं.