खडूची खूण

५ जानेवारी

ती. आजीस, सा. न.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्र. कॉलेजात या सत्राला समाजसेवेचा विषय आहे. काम विद्यार्थी आणि साठीपुढचे स्वयंसेवक यांनी जोडीने करायचं. मी तुझं नाव दिलं आहे.

एक शिक्षिका व्हीलचेअरवर बसून शिकवतात. आधीच्या दोन गाद्यांनी बसायच्या जागी जखमा झाल्या. तिसरीही टोचली तर शाळा सोडणार म्हणतात. दाब मी सेन्सरने मोजला आहे, आकृती तयार आहे. तू फक्त नवी गादी शिवायची.

प्रकृती जप.
तुझी नात

९ जानेवारी

चि. इंजिनीअरीणबाईंस, अनेक आशीर्वाद.

न विचारता नाव दिलंस, अगदी आईवर गेली आहेस. शिवणाचं दुकान बंद करून नऊ वर्षं झाली. हात थरथरतो, सुईत दोरा शेजारीण ओवून देते. पोरांसमोर हसं झालं तर? आणि मला नुसतं बसवून फोटो काढायचे असतील तर आत्ताच सांग.

येते, पण त्या शिक्षिकाबाईंना बघितल्याशिवाय कापडाला कात्री लावणार नाही.

जेवणाची हेळसांड करू नकोस.
आजी

२ फेब्रुवारी

ती. आजीस, सा. न.

एक कबूल करायचं आहे, म्हणून लिहिते.

शाळेत आलीस त्या दिवशी तू माझी आकृती बाजूला ठेवलीस आणि टेप गळ्यात अडकवून बाईंना विचारलंस, वर्गात सगळ्यांत द्वाड कोण. मला वाटलं, वेळ चाललाय. बाई सांगता सांगता हसल्या, फळ्याकडे वळावं तशा वळल्या. तेवढ्यात तू त्यांच्याखाली दोन बोटं सरकवून बैठकीवर खडूने खूण केलीस. म्हणालीस, "माप घेताना माणूस श्वास धरतो. तो सोडेपर्यंत टेप आवळायची नाही."

मी दाब मोजताना त्यांना वीस मिनिटं हलू नका म्हणून बसवलं होतं.

तू गेल्यावर मी त्या शिकवत असताना पुन्हा मोजलं. सगळा भार डावीकडे, माझ्या आकृतीतल्या जागेपासून चार सेंटिमीटर दूर, बरोबर तुझ्या खुणेवर. विश्वास बसेना, म्हणून आणखी दोनदा मोजलं. तुझी रेघ थरथरलेली आहे, पण जागा तीच.

त्या खुणेवरून तू शिवलेल्या गादीवर बसून आज बाईंनी सलग पाच तास घेतले. नर्सने पाहिलं, लालीसुद्धा नाही. सहाव्याला मुख्याध्यापिका त्यांना विश्रांतीसाठी न्यायला आल्या, तर बाईंनी हातानेच थांबवलं. गणित अर्धं राहिलं होतं. मी वही उघडून दारात उभी होते. आकडे लिहायचे सोडून त्या फळ्याकडे कशा वळतात तेच बघत होते.

माझ्यावर अशीच माया असू दे.
तुझी नात