सरूचे शेत आणि माझा पुतळा

मी, हौसाबाई जनू म्हात्रे, राहणार जोहे, तालुका पेण, शुद्धीवर राहून, चष्मा लावून आणि कुणाच्याही धाकाविना हे लिहून ठेवते. मी जिवंत असल्याचे आधी नमूद करते. कारण माझा मुलगा दिनानाथ याने माझ्यावर लिहिलेल्या कादंबरीत मी शेवटच्या पानावर मेले, तिच्यावरच्या सिनेमात मध्यंतरानंतर आणि टीव्हीच्या मालिकेत जाहिरातींच्या जरा आधी.

राहते घर दोन्ही मुलांना निम्मे निम्मे. हो, मुले दोन आहेत. धाकटी सरू. कादंबरीत ती नाही. विचारले तेव्हा दिनानाथ म्हणाला, "आई, एकच मूल असलं की वाचक जास्त रडतो." वाचकाचे भले झाले.

सिनेमावाल्यांनी दिलेले जरीचे लुगडे सूनबाई विमलबाईंना. असले लुगडे नेसून मी चिखलात उतरत असे, हे मला सिनेमा पाहूनच कळले. त्यात नटी भाताची लावणी करत पुढे पुढे चालते. पेणच्या टॉकीजमध्ये सरू ओरडली, "आये, ही मागं सरत नाय गो! रोपं तुडवली सगली!" दिनानाथ म्हणाला, वाकून मागे सरले की तोंड दिसत नाही. माझे तोंड चाळीस पावसाळे कुणाला दिसले नाही, तरी भात आले.

आता त्याने हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यात माझा पुतळा करायला टाकला आहे. माझ्या शेतात मधोमध बसवून स्मारक करणार आहे म्हणे. मी बघायला गेले, तर तोंड नटीचे. कारागीर म्हणाला, "आजी, तुमचा चेहरा वळखनार नाय कोन." पुतळा दिनानाथने स्वतःच्या दिवाणखान्यात ठेवावा. आई जवळ नाही, अशी खंत तो प्रत्येक भाषणात सांगतो.

शेत माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते पूर्ण सरूला. लग्न होऊन रोह्याला गेली, तरी एकही लावणी तिने चुकवली नाही. शेतात स्मारक, कमान, पाटी काही होणार नाही. दिनानाथला आईची माती कपाळाला लावायची हौस असेल, तर आषाढात यावे, सरूच्या हाताखाली वाकावे आणि मागे सरावे. जेवण सरू घालील.

कादंबरी आली तेव्हा सरूने ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "आये, मी कुठंच नाय गो." म्हणून माझ्यामागे हा कागद दिनानाथनेच चारचौघांत मोठ्याने वाचावा. त्याचा आवाज चांगला आहे. सरूचे नाव जिथे जिथे आले आहे, तिथे गाळू नये.

हौसाबाई जनू म्हात्रे (सही)
साक्षीदार: बायजा पाटील, शेजारीण, जोहे.
सॅमसन पेणकर, पेण. (सिनेमा पाहून रडले होते, तरी घेतले.)
जोहे, १२ मे १९९४