गालावरचा काटा

अनुजा,

तू म्हणत हुतीस तेच खरं निघालं. दुकानदारानं टोमॅटो क्लाउन म्हणून दिलेला तो तांबडा मासा सकाळी टाकीतनं काढाय गेलो, तर त्याच्या गालावरचा काटा जाळीत अडकला. टोमॅटोला काटा नसतोय, म्हंजे हा 'मरून क्लाउन' जातीचाच. आपल्या नारंगी जोडीतल्या बारक्याची शेपटी फाडलीय त्यानं. बारका बादलीत हाय, हवेची नळी लावलीय. औषधाचं तूच बघ. मी ह्या मरून क्लाउनला दुकानात परत द्यायला चाललोय.

काल पावण्यांम्होरं "सुनेला माशातलं काय कळतंय" म्हणून गेलो, आन् तू चहा टाकायला उठलीस. ती मंडळी रविवारी परत येणार हायत. चहा मी टाकतो. कुठला मासा कसा वळखायचा, ते त्यांना तू सांग.

मामा