पुन्हा ऐका

दिवेआगर

प्रिय मैथिली,

इतक्या उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तुझ्या आईचं वर्षश्राद्ध झालं तेव्हाच लिहायचं होतं, पण लिहायला बसलं की काही सुचत नाही. फोनवरही तसंच होतं. ती होती तोवर मी "जेवलीस का?" एवढं विचारून फोन तिच्याकडे द्यायचो. आता द्यायला कोणी नाही, म्हणून लगेच ठेवला जातो.

वाडी ठीक आहे. वादळात पडलेल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपं डोक्यावर गेली. तिन्हीसांजेला मात्र घरात बसवत नाही. म्हणून शाळेत भरणाऱ्या प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. माझी शाळा सातवीत सुटली होती, म्हणून आता आठवीच्या समकक्ष परीक्षेला बसायचं ठरवलं. तुला कळवलं नाही. नापास झालो तर?

ही परीक्षा आता बदलणार, ते तुला माझ्याआधी ठाऊक असणार, तुमच्याच ऑफिसचं काम ते. कागद बंद, टॅबवर प्रश्न, आणि वाचायला जड जातं त्यांच्यासाठी कानात आवाज. परवा तालुक्यातले केंद्रप्रमुख हे शिकून घ्यायला आमच्या वर्गात जमले होते. आमचा वर्ग घेणाऱ्या आश्लेषाबाईंनी नमुना म्हणून मलाच पुढे बसवलं. "अप्पा, चुकलात तरी चालेल हो," म्हणाल्या. मी हेडफोन लावला आणि बसूनच राहिलो. 'पुन्हा ऐका' दाबलं. परत तेच दाबलं. मागून आमच्या वर्गातली काशी ओरडली, "अप्पा, कान गेलं का झोप लागली वो?" सगळे हसले. वेळ संपली, पडदा काळा झाला, माझा एकही प्रश्न सोडवून झाला नव्हता.

मग केंद्रप्रमुखांची आपसात चर्चा झाली. म्हाताऱ्यांचा आवाजाने गोंधळ उडतो, तो काढूनच टाका असं कळवू, असं ठरलं. सोमवारी तसा अहवाल पुण्याला तुमच्याकडे येईल. तेव्हापासून मला जेवण जात नाही. काशी दिवसभर मासळी विकते, हिशेब तोंडी करते, पण छापलेलं वाचताना अडते. आवाज असेल तर ती पास होईल. माझ्यापायी तिचं वर्ष जायचं.

मैथिली, माझा गोंधळ झाला नव्हता गं. सुरुवातीलाच तो आवाज म्हणाला, "नमस्कार. निवांत बसा. घाबरू नका, मी तुमच्यासोबत आहे." बोलण्याआधी हळूच घेतलेला श्वास, पाढे म्हणताना तू घ्यायचीस तसा. तो तुझा आवाज आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे गेलो असतो तर नुसती गणितं आली असती, म्हणून तिथेच थांबलो. एवढ्या लोकांसमोर हे कसं सांगणार? तुझ्या साहेबांना तूच समजाव, आवाज काढू नका म्हणावं. आणि सोमवारच्या आत मला एक फोन कर. जमलं तर हे वाचशील त्याच दिवशी कर. या वेळी मी लवकर ठेवणार नाही.

तुझाच,
अप्पा